पाहुणा फार खातो

"वाल्मीक सरांशी फोनवर बोलायचं असेल तर गॅलरीत जाऊन बोलत जा," असं शुभांगीने काम घेतलं त्याच दिवशी तिच्या नवऱ्याने, संतोषने, तिला सांगितलं होतं. "त्यांना ऐकू येत नाही म्हणून तू ओरडतेस, आणि ओरडतेस ते सगळ्या घराला ऐकू जातं."

शुभांगीने ते मनावर घेतलं नाही. गॅलरीत गेलं की सायली नजरेआड व्हायची. सायली नुकती रांगायला लागली होती, आणि रांगत्या पोराचा घात करायला वायर, प्लग, मुंग्यांची पावडर आणि दाराची फट यांतलं कुठलंही एक पुरतं, अशी शुभांगीची पक्की समजूत होती. म्हणून एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा पोरीवर, अशी तिची कामाची पद्धत. कानांची नेमणूक तिने कुठेच केली नव्हती, आणि घरातले बाकीचे कान काय करतात इकडे तिचं लक्ष नव्हतं.

काम चांगलं होतं. वाल्मीक सर निवृत्त शिक्षक. त्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी संगणकावरचा एक मराठी खेळ तयार करून घेतला होता. रस्त्यावरून बैलगाडी जाते, वरून अक्षरांच्या गोण्या पडतात, आणि सांगितलेलं अक्षर मुलाने गाडीत झेलायचं. सोमवारी मुख्याध्यापकांच्या सभेत तो दाखवायचा होता. पण कुठल्या शाळेत कुठला संगणक असेल याचा नेम नव्हता. कुणाकडे नवा, कुणाकडे देणगीत आलेला विंडोज ९८ चा म्हातारा. खेळ सगळ्यांवर चालतो की नाही, हे तपासून देणं शुभांगीकडे होतं.

घरात संगणक एकच. त्यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एका संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता भासाचा संगणक बसवायचा. बाहेरचा खरा तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्याची स्वतःची काही मिळकत नसते. यजमान आपल्या मेमरीतला वाटा काढून देईल त्यावर त्याने राहायचं. इंग्रजीत याला होस्ट आणि गेस्ट म्हणतात आणि जगभर तसंच म्हटलं जातं. पण वाल्मीक सरांचा नियम होता, मराठी खेळाचं काम मराठीतच. "इंग्रजी शब्द आला की मी ऐकलंच नाही असं समज," ते म्हणत. तसंही निम्मं त्यांना ऐकू येतच नसे.

हे काम टिकलं तर शुभांगी घरी बसून कमावणार होती. नाही टिकलं तर अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाची नोकरी तयार होती, आणि सायलीसाठी कोपऱ्यावरचं पाळणाघर. ते पाळणाघर शुभांगी बघून आली होती. तिथल्या बाई एकाच चमच्याने तीन पोरांना भात भरवत होत्या, आणि त्यांतल्या एकाला सर्दी होती.

अडचण एवढीच, की पाहुण्यात बैल चालत नव्हता. चालायला लागे, मग रेंगाळे, मग मधेच बसे. वरून पडणारी गोणी अर्ध्यात लटकून राही.

घरात तेव्हा आणखी एक पाहुणा होता. शुभांगीच्या सासूबाईंचे, लंकाबाईंचे, धाकटे भाऊ चिमाजी मामा. निफाडकडे द्राक्षबाग. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला नाशकात आले आणि काळजी घ्यायला म्हणून बहिणीकडे सातपूरला राहिले. एका डोळ्याचं काम झालेलं, दुसऱ्यात अजून जाळं, वर काळा चष्मा. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे मामांची कॉट संगणकाच्याच खोलीत. सकाळी ते गच्चीवर ऊन खात, आणि ऊन कलंडलं की कॉटवर येऊन गोधडी ओढून पडून राहत. वाचता येत नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही. राहता राहिलं ऐकणं.

शुभांगीने आधी सगळं रीतसर तपासलं. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, नको ते प्रोग्रॅम काढले, विजेचा दाब कमीजास्त होतोय का ते पाहिलं. सकाळी खेळ थेट यजमानावर चालवला तेव्हा बैल उधळल्यासारखा पळाला. दुपारी पाहुण्यात चालवला आणि बसला. म्हणजे खोट पाहुण्यात. तिने सरांना फोन लावला. सायली टेबलाच्या पायाशी होती, मामा कॉटवर होते.

"सर, यजमान ठीक आहे. पाहुणा आल्यापासून घोटाळा आहे."

"काय आल्यापासून?"

"पाहुणा," शुभांगी ओरडली. "फार खातो तो. यजमानाला काही उरतच नाही."

बहिऱ्या माणसाचा आवाज फोनमध्ये मावत नाही. सरांचं उत्तर खोलीभर पसरलं. "किती देतेस त्याला?"

"निम्मं त्यालाच देते, सर. तरी नुसता बसून असतो."

"मग पाववर आण. पाहुण्याचे लाड करायचे नसतात."

"आजच आणते, सर."

कॉटवर मामांनी कूस बदलली. शुभांगीला वाटलं, गोधडी टोचत असेल.

संध्याकाळी जेवताना मामांनी भाकरीचा चतकोर मोडून घेतला आणि उरलेली ताटाबाहेर सरकवली.

"चिमा, हे काय?" लंकाबाई म्हणाल्या. "भाकरी संपव."

"नको आक्का. पाव लय झाली."

"सकाळी तर दोन खाल्ल्या तू."

"सकाळची गोष्ट येगळी व्हती. मान्सानं ठरवून दिलंय तेवढंच खावं."

"कुणी ठरवलं?"

"ज्याचं घर, त्यानं."

लंकाबाईंना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्याबद्दल बोलतोय. शुभांगीला वाटलं, औषध बाधलं. ऑपरेशननंतर भूक मेली की आधी काय बघायचं असतं, हे ती रात्रभर आठवत राहिली, आणि सकाळी संतोषच्या डब्यात चिठ्ठी घातली की सुट्टी झाल्यावर डॉक्टरांना विचारून या.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून उतरल्यावर मामा खोलीत आलेच नाहीत. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. "हितंच बरंय," म्हणाले. "कुनाच्या पायात नाय."

शुभांगीने पाहुण्याची मेमरी पाववर आणून खेळ लावला. बैल पळाला. गोण्या धडाधड पडल्या. तिचा विश्वास बसेना. तिने खेळ पुन्हा लावला. पुन्हा पळाला.

"सर, पाववर आणलं आणि फरक पडला," ती फोनवर म्हणाली. "हलका झालाय आता. यजमान खूश आहे."

"बघ. मी म्हटलं नव्हतं? सुरुवातीलाच आवळावा लागतो."

आतून लंकाबाईंचा आवाज आला. "चिमा, भुईवर बसून गारठशील. कॉटवर जा बघू."

"नको गं. भाचा खूश हाय म्हनं. ऱ्हाऊ दे."

"भाचा कामावर गेलाय. तुला काय फोन आला त्याचा?"

लंकाबाई थोरल्या बहीण होत्या. त्यांनी मामांना दंडाला धरून उठवलं, कॉटवर नेऊन आडवं केलं, आणि एका गोधडीवर दुसरी गोधडी घातली.

थोड्याच वेळात बैल बसला.

शुभांगीने मेमरी आणखी कमी केली. बैल उठला नाही. तिने मेमरी वाढवली, तरी उठला नाही. आज शुक्रवार होता. तिच्या डोळ्यांपुढे तो चमचा आला, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारा. तिने फोन उचलला.

"सर, पाहुणा परत बसला."

"मग आता?"

"आता ठेवतच नाही त्याला. काढून टाकते."

"काढ. आणि मागे काही ठेवू नको त्याचं. सगळं पुसून टाक."

"हो सर. नवीन आणते, कोरा. जुन्याच्या सवयीच बिघडल्यात. सायली झोपली, की काढलाच."

मग ती सायलीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. सायलीला झोप येत होती पण झोपायचं नव्हतं; अंगाई झाली, थापटणं झालं, पुन्हा अंगाई झाली. शुभांगी परत आली तेव्हा कॉट रिकामी होती आणि गोधड्यांच्या घड्या उशाशी ठेवलेल्या होत्या. मामा गच्चीवर गेले असतील असं म्हणून ती कामाला बसली. जुना पाहुणा पुसला, नवा बसवायला घेतला. तो भराभर बसला. त्यात खेळ लावला, तर बैलाने असा वेग धरला की गाडीचं चाक दिसेना. शुभांगीने हात जोडून पडद्याला नमस्कार केला.

तेवढ्यात लंकाबाई दारात आल्या. "चिमा कुठंय?"

"गच्चीवर असतील ना?"

"गच्चीवरून तर मी आले, वाळवण काढून. त्याची पिशवी पण नाय खुंटीवर."

डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली मात्र टेबलावर होती. एका डोळ्यात ताजी जखम, दुसऱ्याने धड दिसत नाही, आणि सातपूरच्या रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटायची वेळ. दोघी दार उघडून जिन्यात आल्या तर खालच्या मजल्यावरच्या गोजराबाई लसूण सोलत पायरीवरच बसल्या होत्या.

"मामांना पाहिलंत का?" शुभांगीने विचारलं.

"मगाशीच गेले. पिशवी घेऊन." गोजराबाईंनी एक पाकळी सोलली. "मी म्हटलं, मामा, एवढ्यात? तर म्हनले, सून म्हनत व्हती पोरगी झोपली की काढते मला. तिला कशाला तरास, म्हनून आपलं मीच निघालो."

लंकाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तू काढलं त्याला?"

"मी? मी कशाला काढू?"

"लय जेवतो असं पण म्हनली म्हनं," गोजराबाई म्हणाल्या. "आन् पाववर आनलं. मला काय म्हाईत, ते म्हनले ते सांगते."

शुभांगीला एकेक वाक्य आठवायला लागलं. फार खातो. नुसता बसून असतो. हलका झालाय. मागे काही ठेवू नको. एकेक आठवत गेलं तशी ती एकेक पायरी खाली बसत गेली.

"आई, तो पाहुणा वेगळा," ती म्हणाली.

"किती पाहुने हायेत आपल्याकडं?" लंकाबाईंनी विचारलं.

संतोषला फोन केला तेव्हा तो नुकताच कारखान्यातून सुटला होता. मोटारसायकल घेऊन बसस्टॉपवर गेला, तर मामा तिथेच बाकावर. काळा चष्मा, मांडीवर पिशवी. येईल ती बस हात करून थांबवत होते आणि "निफाड का?" विचारत होते. स्टॉप शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बसचा. कंडक्टर म्हणे, "आधी सीबीएसला, मोठ्या स्टँडवर जा, बाबा, तिथून एसटी." मामा म्हणत, "मग ऱ्हाऊ द्या," आणि पुढच्या बसची वाट बघत.

"मामा, घरी चला," संतोष म्हणाला.

"नको रं. यजमान खूश पायजे."

"कोण यजमान?"

"तूच की."

संतोषला काहीच कळलं नाही, पण बारा तास उभं राहून दमलेल्या माणसाने कळण्याची वाट बघायची नसते. त्याने मामांना मागे बसवलं आणि घरी आणलं.

शुभांगी दारातच उभी होती. तिने आधी मामांच्या डोळ्यात थेंब घातले, मग त्यांच्या पाया पडली, मग सायलीला कडेवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मामा, सायलीची शपथ. बैल बसतो, त्यात तुमचा काहीही संबंध नाही. मी ह्या संगणकाबद्दल बोलत होते."

तिने त्यांना खुर्चीवर बसवून सगळं दाखवलं. हा बाहेरचा यजमान, हा आतला पाहुणा. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं.

"म्हंजी ह्यो पाहुना ह्या डब्यात ऱ्हातो?"

"हो."

"आन् खातो काय?"

"मेमरी."

"ती कुठं पिकते?"

"पिकत नाही मामा, विकत आणून घालावी लागते."

मामांनी विचार केला. "आन् ह्याला तू निम्म्यावरून पाववर आनला."

"हो."

"तरी घर सोडून नाय गेला त्यो?"

"नाही."

"त्याला पन बस मिळाली नसंल," मामा म्हणाले, आणि हसले. सगळं घर हसलं. लंकाबाई हसल्या नाहीत, पण तव्यावर भाकरी टाकायला गेल्या, तेव्हा राग गेला हे कळलं. मामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर तिसरीचा चतकोर. मग कॉटवर आडवे झाले. "चालू कर तुझा बैल," म्हणाले. "धुरकट दिसतोय, पन दिसतोय."

शुभांगीने खेळ लावला. नवा पाहुणा, कोरा. बैल झोकात निघाला. संतोष चहा घेऊन उभा राहिला, लंकाबाई पदराला हात पुसत आल्या. मामांनी पाय ताणले, दोन्ही गोधड्या पायांवर ओढून घेतल्या, आणि समाधानाने उसासा सोडला.

बैल रेंगाळला. बघता बघता खाली बसला. अक्षराची एक गोणी हवेत लटकली.

शुभांगीने पडद्याकडे पाहिलं. मग सायलीकडे, ती जागेवर होती. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, टेबलाखाली. सीपीयूचा डबा कॉटच्या पायथ्याशी टेकलेला होता, पाठ कॉटकडे करून. त्या पाठीच्या जाळीवर, जिथून पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो, मामांचे दोन्ही तळपाय शेकोटीपुढे धरावेत तसे टेकले होते. त्यावर दोन गोधड्यांचा तंबू होता. वारा कोंडला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच हळू होतो, हे ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेत तिने लिहिलं होतं आणि त्याचे गुण मिळवले होते.

"हितं पायाला लय झकास ऊब येते, सूनबाई," मामा म्हणाले. "पयल्याच दिशी घावली मला ही जागा. निफाडला बागेत शेकोटीशी बसतो ना आम्ही, तसंच. कुठून येते काय म्हाईत."

शुभांगीच्या डोक्यातून बैल गेला, सोमवार गेला. राहिली ती शपथ. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, भाकरी पचायच्या आत खोटी ठरलेली. तिने उठून मीठमोहऱ्या आणल्या आणि सायलीवरून ओवाळून टाकल्या.

"आता कशाला दृष्ट?" संतोषने विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

मग खाली बसून तिने नीट विचार केला. तापला कोण? यजमान. हवा कुणाला लागत नव्हती? यजमानाला. पाहुणा आतला असो की बाहेरचा, त्याने काही केलं नव्हतं. एकाला मेमरी हवी होती, एकाला ऊब. शपथ बरोबर होती. ती खोटी पडू नये एवढंच बघायचं होतं. तिने सायलीला शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरली, मामांच्या पायाशी ठेवली, आणि मामांना कळणार नाही अशा बेताने सीपीयूचा डबा फिरवून त्याची पाठ दाराकडे केली. बैल उठला.

"ही तर त्याच्याहून चांगली," मामा पाय हलवत म्हणाले.

तिने सरांना फोन लावला. मामांनी ऐकायला मान जरा वर केली, आणि या वेळी शुभांगीने मुद्दाम खोलीभर ऐकू जाईल असं सांगितलं.

"सर, दोष सापडला. पाहुण्याचा काहीही दोष नव्हता."

"मग कुणाचा?"

"यजमानाचा. डोकं तापत होतं त्याचं. तापला की काम सोडून बसायचा."

संतोषने ओठाला लावलेला कप खाली घेतला. "मी काय केलं आता?"

"गप ऱ्हा," मामा म्हणाले. "खरं बोलतेय ती. लहानपनापासून तापट तू."

"लहानपणापासून," लंकाबाईंनी दुजोरा दिला.

मामांनी पिशवी पायांत घट्ट धरली. "आक्का," ते म्हणाले, "एवढा जीव लावनारं घर सोडून मी निघालो व्हतो. लय चुकलं. आता दुसरा डोळा पन हितंच उरकून घेतो. द्राक्षं उतरेपर्यंत काय काम नाय मला."

संतोषने शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीने सायलीच्या तोंडातून वायरचं टोक काढलं.

सोमवारी सभेत बैल न बसता चालला. सरांनी पुढचं काम शुभांगीलाच दिलं, आणि त्याआधी शाळांना पाठवायला एक माहितीपत्रक लिहायला सांगितलं, खेळ मंद झाल्यास काय करावे. शुभांगीने ते मराठीत, सोपं लिहिलं. चालू असलेले इतर प्रोग्रॅम बंद करावेत. धूळ पुसावी. डब्याची पाठ भिंतीला, खिडकीच्या पडद्याला किंवा गोधडीला टेकू देऊ नये. एवढं झाल्यावर पानाच्या तळाशी जागा उरली, तिथे तिने आणखी एक गोष्ट घातली. सरांनी ती दोनदा वाचली, त्यांना ती कळली नाही, पण शुद्धलेखनाची चूक सापडेना म्हणून त्यांनी ती छापू दिली:

"गुरुजी, बाई, एवढं करूनही बैल उठत नसेल तर यंत्र तसंच राहू द्या. आपल्या घरी कुणी मुक्कामाला आलं असेल, तर आधी आत जाऊन त्यांनी पोटभर खाल्लं का, तेवढं बघून या."